सांवेरचं खत

बायको गेली त्याला आता वर्ष होत आलं, आणि ती अजून मागच्या पडवीत खुंटीला टांगलेली आहे. तांब्याच्या लोट्यात, तोंडाला पांढरं फडकं बांधून. अस्थी घरात ठेवत नाहीत म्हणून पडवीत. गुरुजी सांगून थकले, इतके दिवस ठेवू नका, वर्षश्राद्धाच्या आत सोडून या. ओंकारेश्वर लांब पडत असेल तर उज्जैन आहे. मी म्हणालो, तिला पाण्यात टाकायचं नाही. जन्मभर ती जगाला सांगत राहिली, पाण्यात टाकू नका, पाण्यात टाकू नका. आता तिलाच पाण्यात टाकू?

"मग कुठं नेणार?" गुरुजी म्हणाले.

कुठं ते मला माहीत आहे. जायच्या आधी तिनं स्वतः सांगितलं होतं. सांवेरला, पटेलच्या शेतात.

तिथंच माझं घोडं अडलं आहे. दुसऱ्या कुणाचंही शेत असतं तर तेराव्याची भांडी घासून होण्याआधी मी बस पकडली असती.

त्यात मी कावळ्याला शब्द देऊन बसलो. दहाव्याला पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. गुरुजी म्हणाले, त्यांची काही इच्छा राहिली असेल, कबूल करा. मी एकेक कबूल करत गेलो. मुलीकडे जाऊन राहीन. बिडी सोडीन. तुझ्या बहिणीशी बोलणं सुरू करीन. कावळा भिंतीवर बसून माझ्याकडे असा बघत होता की जशी बिनातिकिटाची सवारी कंडक्टरकडे बघते, ओळखपाळख नसल्यासारखी. ऊन चढलं. लोक घड्याळं बघायला लागले. शेवटी मी ओठातल्या ओठात म्हणालो, बरं बाई, सांवेर. लगेच चोच लागली. गुरुजींना काही ऐकू गेलं नाही. कावळ्याला गेलं.

तरी मी वर्षभर गेलो नाही. का गेलो नाही ते लिहितो. माझं शिक्षण मराठी चौथी, तीही पुरती नाही, तेव्हा चुका काढू नका.

माझे वडील संस्थानच्या पागेत सवार होते, आजोबाही. संस्थान गेलं, पागा मोडली, घोडे विकले गेले. वडिलांनी घोड्याला खाजवायचा खरारा तेवढा घरी आणला आणि पडवीत खुंटीला अडकवला. त्याच खुंटीला आता ती आहे. घोडे गेल्यावर आमच्या खानदानात पुढं काय हाकायचं हा सवाल होता, तर मी बस हाकली. मध्य प्रदेश नवा नवा झाला होता. राजधानी भोपाळला गेली म्हणून इंदूरची मंडळी चहाच्या दुकानात बसून चिडायची. मला काय, मी इंदूर-सांवेर लाइनीवर. माझी राजधानी सांवेरचा बस स्टँड.

घर जुन्या इंदुरात, मागं नदी. कुणी तिला कान्ह म्हणतं, कुणी खान. ही नदी आमच्या मागून निघून सांवेरकडं जाते आणि पुढं शिप्रेला मिळते. म्हणजे ती आणि मी एकाच लाइनीवर होतो. मी माणसं पोचवायचो. ती काय पोचवते हे बघायला मी कधी गेलो नाही.

बायको धुळ्याकडची, सातवी पास. तिचं मराठी तिकडचं आणि आमचं हे असं. लग्न होऊन आली तेव्हा माझी आई म्हणाली, "सूनबाई, अलमारीतून चद्दर काढून बिछव," तर ती तशीच उभी. तिला वाटलं सासू रागावली. आणि तिची हिंदी म्हणजे मराठीच, फक्त शेवटी 'है' लावलेलं. भाजीवाल्याला म्हणायची, "भैया, ये वांगी किडकी है." भाजीवाला कौतुकानं मान हलवायचा आणि किडकीच वांगी द्यायचा.

तर गौरी-गणपती होऊन गेले होते. एका सकाळी सांवेरच्या अलीकडच्या गावचा पटेल, म्हणजे गावचा मुखिया, माझ्या गाडीत चढला आणि थेट माझ्या बाजूच्या सीटवर येऊन बसला. ती सीट मानाची. पांढरा साफा, मिशा अशा की मागं आरशात दिसाव्यात. मांडीवर झाकलेला लोटा, आणि खड्डा आला की दोन्ही हातांनी जपायचा.

मी विचारलं, "क्या है पटेल साब, घी?"

"परसाद हे," तो म्हणाला.

"कहां का?"

"तमारा इंदोर को."

मला वाटलं मस्करी करतोय. मग त्यानं विचारलं, तुमच्या मराठी बायका पूजेची फुलं-पत्री कुठल्या घाटावर सोडतात? मी सांगितलं, आमच्या घरामागंच या की. वर उतरताना रस्ताही दाखवला. पत्ता मीच दिला, लिहून ठेवा. माझ्याच बायकोचा.

पुढचं मी बघितलं नाही, तिनं आणि गल्लीतल्या बायकांनी सांगितलं. सगळ्या घाटावर निर्माल्य सोडायला जमल्या होत्या. पटेलनं लोट्याचं फडकं सोडलं आणि पाणी एका ताटलीत ओतलं. काळं, वासाचं. आत सडलेल्या दुर्वा, केवड्याचं पान, लाल खणाचा तुकडा. म्हणाला, "बेन, यो तमारो चढ़ायो परसाद हे. बही ने हमारे यां उतरे हे. म्हारी भैंस सूंघी ने पाछी फिरी जाए. पण म्हारी बई इज पिए हे. दूर का कुवां तक उका से नी चल्यो जाए."

म्हैस तोंड लावत नाही आणि आई पिते, कारण लांबच्या विहिरीपर्यंत तिचे पाय पोचत नाहीत. बायका पदर तोंडाला लावून मागं सरकल्या. माझी बायको खाली बसली, ताटलीत बोट बुडवलं, नाकाशी नेलं. संध्याकाळी मला वाढताना एवढंच म्हणाली, "आपलंच आहे हो ते." मी भाकरी मोडत होतो. मला वाटलं, भाकरीचं बोलतेय.

दुसऱ्या दिवसापासून ती टोपली घेऊन घाटावर उभी राहायला लागली. पाण्यात टाकू नका, इकडं द्या. लोकांनी काय कमी ऐकवलं? एक पेन्शनर काका रोज भांडायचे. "बाई, निर्माल्य वाहत्या पाण्यात सोडायचं असतं. शास्त्र आहे."

"सोडा ना काका. वाहतं पाणी दाखवा, लगेच सोडा."

काकांनी पाण्याकडं बघितलं. ते तिथंच उभं होतं, काकांसारखं. टोपलीत टाकून गेले.

हळूहळू गल्लीतल्या भजनी मंडळाच्या बायका आल्या. मग पलीकडच्या घाटावरच्या. सणावाराला प्रत्येक घाटावर दोघी-दोघी उभ्या. काठावरच्या गवळ्यांना जाऊन सांगितलं की गोठ्याचं पाणी नदीत सोडू नका. त्यांनी ऐकलं नाही, तर त्यांच्या आयांना जाऊन सांगितलं. तिकडं पटेलनं गावचे लोक लावून त्यांच्याकडचा काठ साफ केला, गुरांचा उतार वेगळा आणि माणसांचा पाणवठा वेगळा केला. आणि दर अमावस्येला तो लोटा घेऊन इंदूरला यायचा. सांवेरचं पाणी आणि आमच्या घाटाचं पाणी शेजारी शेजारी पांढऱ्या बशांत ओतायचे आणि सगळे वाकून बघायचे, जशी मुलगी बघायला आलेत. त्यातली एक बशी माझी. चिनी मातीची, निळ्या काठाची, तळाशीही एक निळी रेघ, मी चहा प्यायचो ती. मी म्हणालो, माझी बशी कुठाय? म्हणाली, "तिच्यात पाण्याचा रंग फार छान कळतो हो." तेव्हापासून मी कपानं चहा पितो आणि जीभ भाजते. अजून भाजते.

घरी ती कमी बोलायची. मी सकाळी अंधारात निघायचो, दिवेलागणीनंतर यायचो, जेवून झोपायचो. पण अमावस्येला घाटावर मी लांबून तिला बघितलं. हातवारे करून बोलत होती, तिच्या त्या हिंदीत, आणि पटेल मान डोलवत होता. दोघांना एकमेकांचं अर्धंच कळत असणार. तरी बोलणं संपत नव्हतं. मला तर तिचं पूर्ण कळत होतं. माझ्याशी नाही बोलली ती इतकं.

"बेन म्हणतो तो मला," ती म्हणायची. बेन-बेन करणारे मी गाडीत रोज बघत होतो.

मग ते खताचं निघालं.

सांवेर स्टँडवर चहाच्या टपरीवर एक दूधवाला असायचा. सकाळी ट्रकवर दूध घालून इंदूरला न्यायचा, दुपारी रिकामे डबे घेऊन परत. तोंडाचा मोठा वाईट. एके दिवशी माझ्या बाजूला येऊन बसला, आवाज खाली केला, पण इतकाच की सगळ्या टपरीला ऐकू जावा.

"डिरेवर साब, एक बात कूं? बुरो मत मानजो."

"बोल."

"भाभीजी को खत म्हारे हाथे आवे हे. पटेल साब वास्ते."

"कैसा खत?"

"अबे म्हके कई मालम, भिया. म्हूं तो पोंचाने वालो. पण पटेल देखी ने असो खुस वे कि पूछो मत. हाथ में ले. सूंघे भी हे."

टपरीवरचे सगळे आपापल्या ग्लासात बघायला लागले. माझा चहा तसाच राहिला.

आता पुण्या-नाशिकचा कुणी हे वाचत असेल तर तो आत्ताच हसला असेल. हसा. आमच्याकडं, म्हणजे इंदुरात जन्मलेल्या मराठी माणसाकडं, खत म्हणजे चिठ्ठी. दिवसभर कानावर हिंदी. शेतात घालतात त्याला आम्ही खाद म्हणतो, आणि तेही गरज पडली तर. त्याला खत म्हणणं हे बायकोचं, धुळ्याकडचं; दूधवाल्यानं आणि पटेलनं तो शब्द तिच्याकडूनच उचललेला. शेत आमच्या खानदानात कधी नव्हतं, घोडे होते. देवळामागच्या पडीक जागेत बायकांनी खड्डा केलाय आणि फुलं त्यात जातात, एवढं मला ठाऊक होतं. पुढं त्या फुलांचं काय होतं, मी विचारलं नव्हतं. पुरत असतील, मला काय.

त्या रात्री जेवायला बसलो तर तीच म्हणाली, "अहो, सांवेरला खत पोचलं का, जरा पटेलांना विचारून या ना."

नवऱ्याच्या तोंडावर! मी म्हणालो, "का?"

"ओलं होतं हो या वेळी. तसंच पाठवलं. मला मेली सारखी काळजी."

ओलं. म्हणजे रडून लिहिलेलं, असं मी धरलं.

वर म्हणते, "आणि मंडीतून जुनं बारदान मिळालं तर आणा, दोन-चार." मी आणलंही. काय बोलणार? विचारलं असतं तर उत्तर आलं असतं. ते मला नको होतं. मी नुसता जळत राहिलो. घरी दौत कोरडी, टाक गंजलेला, तर ही लिहिते कशानं? गाडी चालवताना गियर चुकायला लागले. सवाऱ्या म्हणायच्या, डिरेवर साब कां ध्यान हे? दूधवाला रोज विचारायचा, "आज को डाक निकली कई?" आणि अख्खा स्टँड खोकायचा. सगळ्यांना माहीत होतं. मलाच नव्हतं.

आणि एक दिवस पटेल गाडीत चढला. तोच, बाजूच्या सीटवर. छातीला हात लावून म्हणाला, "बेन को खत पोंच्यो, भिया. असो खत म्हने जिंदगी में नी देख्यो."

त्याला मी त्याच्या फाट्यावर उतरवलं. गाडी पुढं नेली, सांवेरला सवाऱ्या उतरवल्या, नव्या घेतल्या. परतताना त्याचं शेत रस्त्याला लागूनच. विहिरीवर तो उभा दिसला आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी भर रस्त्यात उभी. मागून गलका.

"कई वई गयो?"

"पंचर हे कई?"

"अरे डिरेवर को पेट खराब हे, जाने दो बापड़ा के."

तेव्हाच्या गाड्या पुढून लोखंडी हँडल फिरवून चालू करायच्या. ते हँडल सीटखालून काढलं आणि शेतात शिरलो. कंडक्टर मागं पळतोय, "उस्ताद, उस्ताद," करत.

"खत निकालो," मी पटेलला म्हणालो.

"कौन सो?"

"मेरी बायको का. सब निकालो. जितने आए उतने."

पटेलनं हँडलकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग मिशीखाली काहीतरी हललं. म्हणाला, "आओ." विहिरीमागं आंब्याच्या सावलीत घेऊन गेला. तिथं काळ्या भुसभुशीत मातीचा ढीग होता, बाजूला मीच मंडीतून आणलेलं बारदान.

"यो पड्यो तमारो खत," पटेल म्हणाला. "बांची लो." वाचून घ्या म्हणे.

बांधावर तोपर्यंत सगळी बस येऊन उभी राहिली होती. आधी कंडक्टर हसला. मग सगळं रान.

मी बसलो खाली. हाताशी ती माती आली. वास बघितला. घाण नव्हता येत. जुन्या देव्हाऱ्याचा येतो तसा, तुळस, झेंडू, थोडा कापूर. पटेल माझ्या शेजारी उकिडवा बसला आणि अगदी हळू म्हणाला, मस्करी नाही, खरंच सांगायला म्हणून, "देखो भिया, इका में एक डोरो नी मिलेगो. ढोर का पेट में जाए तो ढोर मरे. बेन हर हार को डोरो हाथ से निकाली ने भेजे हे."

प्रत्येक हाराचा दोरा. सगळ्या गल्लीचे, सगळ्या घाटांचे सडके हार, आणि ही बसून त्यातला दोरा न् दोरा ओढून काढतेय. सांवेरच्या म्हशींसाठी. आणि माझ्या सदऱ्याला वरचं बटण गौरी-गणपतीपासून नव्हतं. पिन लावून फिरत होतो मी. त्या बांधावर सगळे हसत असताना माझा हात त्या पिनेवर होता.

मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती, दूधवाल्याच्या ट्रकनं. दार उघडलं तर ती पदरात तोंड घालून हसतेय. बोलता येईना तिला. शेवटी डोळे पुसत म्हणाली, "अहो, मी कुणाला पत्र लिहीन? आईला लिहिते ते पण शेजारच्या काकूंच्या टाकानं, आणि पेटीत तुम्ही टाकता."

"मला लिही मग," मी म्हणालो. रागात होतो.

"तुम्हाला? तुम्ही रोज घरी येता. घरी येणाऱ्या माणसाला कोण पत्र लिहितं?"

"मग उद्यापासून येत नाही."

"नका येऊ. बटण सांवेरला लावून घ्या."

म्हणजे बघितलं होतं तिनं. सदरा काढायला लावला आणि बटण लावलं. दोरा कुठला, तर त्या हारांतलाच. धुऊन, सुकवून, मोठा गुंडा करून ठेवला होता. ते बटण सदरा फाटला तरी निघालं नाही.

तुम्हाला वाटेल, चला, गैरसमज मिटला. मिटला, पण जळणं मिटलं नाही, वाढलं. पटेल पुरुष होता, त्याला हँडल दाखवता येत होतं. नदीला काय दाखवू? माझा ताप आणि अनंत चतुर्दशी एका दिवशी आली तर ती माझ्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून घाटावर गेली. एका वर्षी पटेल पावसाळ्यानंतर लोटा घेऊन आला. बशीत ओतलं, माझ्याच, तर बशीच्या तळाची निळी रेघ स्वच्छ दिसली. म्हणाला, "बई के हे, म्हारो पानी पाछो अई गयो." माझं पाणी परत आलं, हे त्याच्या म्हाताऱ्या आईचं वाक्य माझी बायको महिनाभर घोळवत होती. भांडी घासताना, दळताना. म्हारो पानी पाछो अई गयो. माझा पगार वाढला तेव्हा म्हणाली होती, "बरं झालं."

नंतर शहर वाढलं. एकेक गटार नदीला येऊन मिळालं. निर्माल्याची टोपली धरून गटार अडत नाही. खड्ड्याच्या जागेवर दुकानं झाली. बायका म्हाताऱ्या झाल्या, एकेक कमी झाली. माझी शेवटपर्यंत जायची, गुडघे धरून, एकटी, सणावाराला. पटेलचा लोटाही कधीतरी थांबला. बशी परत आली. मी तिच्यात चहा प्यायलो नाही.

आणि गेल्या वर्षी, अंथरुणावर, ती म्हणाली, "मला पाण्यात टाकू नका."

"नाही टाकत. गप पड."

"पटेलांच्या शेतात घाला. माझं सगळं तिथंच गेलंय."

सगळं. मी विचारलं, "सगळं? मग माझ्याकडं काय राहिलं?"

डोळे मिटलेले होते. झोपली होती की नुसती पडली होती, कुणास ठाऊक. नंतर बोलणं झालंच नाही. वर्षभर मी त्या खुंटीखाली बसून तेच विचारतोय. सांवेरला नेलं की तिचं म्हणणं खरं होणार, सगळं तिकडं. इथं आहे तोवर निदान लोटा तरी माझा.

इथवर लिहून कागद बाजूला ठेवला होता. मग मागच्या आठवड्यात वारा होता आणि लोटा खुंटीवर हलत होता. भिंतीवर टक टक आवाज. पडवीच्या कठड्यावर कावळा. तोच असेल असं मी म्हणत नाही. पण माझ्याकडं बघत होता. मी म्हणालो, येतो रे बाबा, चप्पल घालू दे.

बसमध्ये पुढची सीट मागून घेतली. कंडक्टरनं विचारलं, "बाबूजी, लोटे में क्या है, छलकेगा तो नहीं?" नाही म्हणालो. तरी खड्डा आला की दोन्ही हातांनी धरत होतो.

पटेल आंब्याखाली खाटेवर होता. मिशा पांढऱ्या, डोळे गेलेले. मुलं शेत बघतात. पावलं ऐकून त्यानं मान वळवली.

"कुण?"

"डिरेवर."

मग म्हणाला, "हंडल लाया कई?"

"नहीं."

"तो कई लाया?"

लोटा पुढं केला, मग आठवलं, त्याला दिसत नाही. म्हणालो, "खत."

त्यानं दोन्ही हात पसरले. मी लोटा मागं घेतला. "तेरे लिए नहीं है. जमीन के लिए है. और तू इधरही बैठ."

"बेठ्यो हूं, भिया," तो म्हणाला. "म्हूं नी देखूं."

"वैसे भी तेरे को दिखता नहीं."

हसला. हसता हसता साफ्याचं टोक डोळ्यांना लावलं. पोटभर रडला तो. मला तेही आवडलं नाही. माझ्याच बायकोसाठी, माझ्या देखत, माझ्या आधी.

शेत नांगरून पडलं होतं. त्याच्या खाटेपासून जितकं लांब जाता येईल तितका लांब गेलो, पार दुसऱ्या बांधाजवळ. तिथं लोट्याचं फडकं सोडलं. ते मी तिच्याच गुंड्यातल्या दोऱ्यानं बांधलं होतं. लोटा ओतला, हातानं माती सारखी केली, ढेकळं फोडली. बराच वेळ बसलो. मग बघितलं तर दोरा मातीतच पडलेला. उचलला, झटकला, खिशात टाकला. तिच्या खतात दोरा चालत नाही.

परत आलो तर पटेल वाटच बघत होता.

"वां खाट लेके मत जाना," मी म्हणालो.

"नी ले जऊं." मग हळूच, जसा तो दूधवाला विचारायचा तसं, पण मस्करी नाही, त्यानं विचारलं, "खत पोंच्यो?"

"पोंच गया," मी म्हणालो. "जरा ओला है."